सूर्यभानजींची हडळ

सूर्यभानजी माळ्यांना मी अमरावतीच्या बाजारात पहिल्यांदा पाहिलं तेव्हा बाळापूरचा किल्लाच धोतर नेसून वांगी विकायला बसलाय, असं मला वाटलं. मिशा अशा, की डावी राजापेठेत आणि उजवी अकोल्याच्या रस्त्याला लागलेली. "वांगे घ्या जी!" असं ते ओरडले, तसे कापसाच्या गाड्यांचे बैल जागीच थांबले, एका दलालाचं पागोटं उडालं आणि मी भाव न विचारता दोन शेर वांगी घेतली. मला वांगी आवडत नाहीत.

अमेरिकेतल्या यादवी लढाईनं तिकडचा कापूस अडला, आणि वऱ्हाडच्या कापसाला तेव्हा सोन्याचा भाव आला होता. माझ्यासारखे पुण्याकडचे कारकून अमरावतीत इतके लोटले, की गोठेसुद्धा भाड्यानं जात. सूर्यभानजींनी मला मळ्यातली खोली दिली. लहानपणी रिद्धपुरास मामाकडे असताना ते अक्षरं शिकले होते. माझ्याजवळ भुताखेतांच्या गोष्टींचं एक छापील पुस्तक होतं. येताना बैलगाडीत मी ते जांभया देत संपवलं होतं. ते त्यांनी मागून घेतलं आणि रोज दुपारी बायकोला, गंगूबाईंना, मोठ्यानं वाचून दाखवू लागले.

गंगूबाईंनी पुस्तक पाटावर ठेवलं, त्याला हळदकुंकू वाहिलं आणि समाप्तीपर्यंत भाकर न खाण्याचा नेम धरला.

"अहो बाई, ही पोथी नाही," मी म्हणालो.

"अध्याय हायेत का नाई?"

"आहेत."

"मंग?"

मीही पुस्तकाला हात जोडले.

इकडे वाचणाऱ्याची गत पाहवत नव्हती. स्मशान आलं की सूर्यभानजी पाय वर घेऊन बसत. प्रेत हललं की स्वतः हलत. एकदा पुस्तकातल्या भुतानं हाक मारली, तर यांनी "ओ" दिली! शेवटच्या अध्यायात मात्र हडळ एका घराच्या दाराशी येऊन उभी राहिली, आणि त्यांनी पुस्तक मिटलं. दुसऱ्या दिवशी त्यांचे डोळे दुखत होते. तिसऱ्या दिवशी वांग्यांना पाणी द्यायचं होतं. मग कंबर धरली. गंगूबाई ताकावर आणि केळ्यावर मळा खुरपत होत्या. एका सकाळी त्या विहिरीच्या काठी मटकन खाली बसल्या, आणि उठेनात.

सूर्यभानजींनी त्यांना उचलून ओसरीवर आणलं. "खाय न भाकर! देव काई म्हनत नाई."

"अर्धी पोथी टाकून खाऊ? तुमी वाचा."

"मले भेव लागते ना वं!"

एवढ्या मिशांमधून हे वाक्य बाहेर आलेलं मी तरी पहिल्यांदाच ऐकलं. गंगूबाई हसल्यासुद्धा नाहीत. त्यांनी आपला पदर नवऱ्याच्या हातात दिला. "धरा. अन् वाचा."

भर दुपारी, पदर मुठीत आवळून त्यांनी वाचायला घेतलं. आवाज चिरका झाला, घाम मिशांवरून पानावर टपकू लागला. हडळ दार ठोठावू लागली.

"काहून आली ते?" गंगूबाई म्हणाल्या. "भुकेली असन. भाकर देऊन टाका म्हना, जाईन आपल्या वाटनं."

"चूप बस वं! तिचे पाय उलटे हायेत!"

"उलट्या पायाले भूक लागत नाई का?"

सूर्यभानजींनी बायकोच्या खोल गेलेल्या डोळ्यांकडे पाहिलं. मग मात्र ते थांबले नाहीत. दार उघडलं, दिवा विझला, किंकाळी फुटली (तीही त्यांनीच फोडली), आणि पुस्तक संपलं. जे पान मी बैलगाडीत पेंगत उलटलं होतं, त्याच पानाला माझ्या अंगावर सर्रकन काटा आला.

त्यानंतर मी पुष्कळ वाचलं, थोडंफार लिहिलंही. पुस्तक अंगाला लावून कसं घ्यायचं, हे मला त्या भित्र्या किल्ल्यानं दाखवलं. एवढं भिऊनही माणूस कुणासाठी तरी पुढचं पान उलटतो, हेही त्याच ओसरीवर पाहिलं. देवानं मला बरंच दिलं असेल, पण त्या दुपारी दिलं तितकं भरभरून क्वचितच. सूर्यभानजी, तुमचे उपकार मी विसरलेलो नाही.

समाप्ती झाल्यावर गंगूबाईंनी चार भाकरी खाल्ल्या आणि दोन दिवस त्यांचं पोट दुखलं.