चुंबक लावू नको

घाटकोपरच्या आमच्या भंगाराच्या दुकानात प्रत्येक वस्तूची ओळख लोहचुंबक लावूनच होते. तिथे गळ्यात भिंग अडकवलेले एक काका जुनी कुलपं शोधायला यायचे. त्यांना मी गावच्या शेतात सापडलेला काळा दगड दाखवला. उल्का निघाली तर गावी परतायचं, असं मी ठरवलं होतं.

"चिकटतो, काका!" मी चुंबक उचलला.

"लावू नको रे! खरी उल्का असली तर तिच्यातली मूळची चुंबकी नोंद चुंबकानं पुसली जाते, आभाळातलं सगळं विसरते ती. आणि चिकटायला काय, अर्धं घाटकोपर चिकटेल."

मग त्यांनी तो इतका वेळ न्याहाळला, की मला भरून आलं. मुंबईत माझं काही कुणी असं पाहिलं नव्हतं.

"बुडबुड्यांची भोकं आहेत. लोहाराच्या भट्टीतला मळ हा," ते हळूच म्हणाले.

म्हणजे आभाळातून नव्हे, आमच्या गावच्याच लोहारआळीतून पडलेला. आता तो माझ्या उशाशी असतो. चुंबक मात्र लावत नाही. गाव विसरला तर?