आत्याचं लुगडं आणि बटणांचा फोन

आत्या गेली त्याच्या पाचव्या दिवशी मी नवा फोन घ्यायला लोणारच्या स्टँडजवळच्या दुकानात गेलो. भिंतीवरच्या प्रत्येक टीव्हीत कुणीतरी कंबर हलवत होतं आणि दुकानदार त्या गोंगाटात मजेत वडापाव खात होता. तेलकट बोटांनीच त्यानं एक चकचकीत फोन पुढं केला.

"काका, हा घ्या. कॅमेरा असा हाये, शेतातलं ढेकूळ न् ढेकूळ दिसते."

"मले ढेकळं नाही पाहायची. बटनाचा दाखव."

"त्यात काहीच दिसत नाही हो. गुरुपबी चालत नाही."

"म्हनूनच पाह्यजे."

मला काही वैराग्य आलं नव्हतं. 'मी मोबाईल सोडला' असं मोबाईलवरच जाहीर करणाऱ्यांची तर मला जास्तच शिसारी येते. मला माझ्याच अंगठ्याची किळस आली होती.

आत्या सुलतानपूरला दिलेली. लोणारहून बसनं अर्धा तास लागत असेल-नसेल. माझे वडील गेले, काका गेले, तेव्हा तिच्या माहेरचा म्हणावा असा मी एकटाच उरलो होतो. आणि आमच्याकडे बाई कितीही म्हातारी होऊन गेली तरी तिच्या अंगावर शेवटचं लुगडं माहेरचंच पडतं. ते आल्याशिवाय तिला उचलत नाहीत. हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. लहानपणी वडिलांबरोबर असं लुगडं घेऊन मी स्वतः गेलेलो आहे.

त्या सकाळी मी ओट्यावर बसून फोनमध्ये एक माणूस पाहत होतो. तो एका बैठकीत परातभर उकडलेली अंडी खात होता. पिवळा बलक त्याच्या हनुवटीवरून गळत होता, आणि मी, चांगला नातवंडं असलेला माणूस, चहा गार करून ते पाहत होतो. मध्येच आतेभावाच्या फोनची पट्टी वर आली. मी ती बोटानं सारली. पुन्हा आली, पुन्हा सारली, माशी हाकलावी तशी. नंतर करू म्हटलं. परातीत अजून अंडी होती.

मग नातेवाइकांच्या ग्रुपवर मेसेज पडला. त्या ग्रुपवर रोज कुणीतरी मरतं, रोज कुणाचा तरी वाढदिवस असतो, आणि लोक दोन्हींखाली तेच जोडलेले हात टाकतात. मीही टाकले. वाचलं नाही. हात टाकले आणि परत अंड्यांकडे गेलो. ज्या बापाच्या खांद्यावर खेळलो त्याच्या बहिणीच्या मरणावर मी अंगठा टेकवला आणि मला ते कळलंसुद्धा नाही. थू आपल्या जिंदगानीवर.

तिकडं आतेभावानं ते हात पाहिले. दादाले समजलं, दादा लुगडं घेऊन निघाला, असं त्यानं सगळ्यांना सांगितलं. मला कळलं ते दुपार कलल्यावर, शेजारणीनं बायकोला विचारलं तेव्हा. "काऊन वं, तुमी सुलतानपूरले गेले नाही?" मी धावत दुकान गाठलं, लुगडं घेतलं, बस धरली. पोचलो तर लोक स्मशानातून आंघोळीला निघाले होते. आतेभाऊ माझ्यापुढून गेला, पण थांबला नाही. पिशवीतलं लुगडं मी तसंच घरी आणलं.

म्हणून बटणांचा फोन. त्यात मी बसून एकेक नंबर स्वतः घातला. ज्यांच्याकडं कुणी वारलं तर मला उठून जावं लागेल, तेवढेच घातले. फोन आता खुंटीवरच्या पिशवीत असतो. वाजला की उठायचं, उचलायचं, बोलून झालं की परत ठेवायचं. बोट सारायला त्यावर काही जागाच नाही.

पहिला फोन आतेभावाला लावला. माझं चुकलं, मी वाचलंच नव्हतं, असं कसंबसं बोललो. अंड्यांचं मात्र सांगवलं नाही.

तो म्हणाला, "दोन वाजेपर्यंत ठेवली आईले. लोकं कुजबुज करून राह्यले होते. मंग माह्या बायकोनं सोताच्या पेटीतलं कोरं लुगडं काढलं, तिच्या मायनं देल्लेलं. मी लोकाईले सांगतलं, दादानं पाठोलं."

"माहं नाव काऊन सांगतलं?"

"आईले माहेर राह्यलं नाही, असं कोनी म्हनू नये म्हनून. तेराव्याले या दादा. गावातले सारे तुमची तारीफ करतीन, भाच्यानं वक्तावर लुगडं पाठोलं म्हनून. तुमी फक्त गुमान ऐकून घ्या."

मी हो म्हणालो.