नंदूच्या नावाची वर्गणी

फोन आला तेव्हा मी शिवाजी पार्काजवळ एका लग्नाच्या मंडपावर होतो. मंडपावर म्हणजे खरोखर वर, तिसऱ्या आडव्या बांबूला पाय अडकवून. मंडप बांधणं हाच माझा धंदा. तोंडातली सुतळी थुंकली आणि फोन घेतला. मंगलवहिनी होत्या, नंदूची बायको. म्हणाल्या, "भावोजी, कुठे आहात?" म्हटलं, "वर." तर म्हणाल्या, "आधी खाली उतरा. मग सांगते." आता एवढं बोलल्यावर सांगायचं राहिलं काय? पण मी उतरलो. एरवी माकडासारखा सरसर येतो. त्या दिवशी एकेक बांबू धरून, म्हाताऱ्यासारखा आलो. जमिनीला पाय लागेपर्यंत नंदू होता ना, म्हणून... चपला शोधल्या, घातल्या, उगाच झटकून परत घातल्या. मग म्हटलं, "बोला वहिनी."

त्याला आता सात आठवडे झाले. मी चौथीत शाळा सोडली, म्हणजे शाळेनेच मला सोडलं. त्यामुळे हे मी बोलतोय आणि माझी बायको सुरेखा लिहून काढतेय. बोलण्यातल्या चुका माझ्या. लिहिण्यातल्या चुका होणार नाहीत, असं तिने आत्ताच मला न विचारता लिहिलंय.

नंदूचं लालबागला, आमच्या चाळीच्या खाली सायबर कॅफे होतं. पाच कॉम्प्युटर, त्यातले तीन चालू. बाकीची पोरं गाड्या पळवायची, बंदुका झाडायची. नंदूचा जीव एकाच गेममध्ये. त्यात एक म्हातारा खलाशी होडी घेऊन एका बेटावर येतो, बेटावरचा दीपगृहाचा दिवा विझलेला असतो, तो का विझला ते शोधायचं. मारामारी नाही, घाई नाही. लोकांशी बोलायचं, वस्तू गोळा करायच्या, कुठली वस्तू कुठे लागते ते डोकं चालवून काढायचं. गेमचं खरं नाव इंग्रजी, माझ्या जिभेला ते कधी वळलं नाही. आम्ही त्या खलाशाला तांडेल म्हणायचो आणि गेमलाही तांडेलच.

मला वाचता येत नाही म्हणून नंदू शेजारी बसून सगळं वाचून दाखवायचा. तो मालवणचा, त्यामुळे बेटावरची सगळी माणसं मालवणीत बोलायची. खानावळवाली म्हणायची, "खंय होतस रे इतके दिस?" तांडेल म्हणायचा, "दर्यार. आणि खंय?" नंदू प्रत्येकाचा आवाज वेगळा काढायचा. मला वाटायचं, गेमच मालवणी आहे. खोटं नाही सांगत. एकदा दादरच्या एका कॅफेत तोच गेम दिसला, मी ऐटीत बसलो, आणि माणसं तोंड हलवतायत पण मालवणी येईना. मी मालकाला हाक मारली, "भाऊ, मालवणी कुठे दाबायची?" मालकाने मला आधी बघितलं, मग माझे पैसे परत दिले. हे मी नंदूला सांगितलं तर तो खुर्चीवरून खाली सरकला हसून. नंतर वर्षभर येईल त्या गिऱ्हाईकाला माझ्याकडे बोट करून सांगायचा, "ह्यो मालवणीचा बटन शोधता."

मग सगळ्यांच्या हातात मोबाईल आले, कॅफे बंद झालं. नंदू फोर्टला एका ऑफिसात कॉम्प्युटरवर बसायला लागला. लग्न झालं. वहिनी साताऱ्याकडच्या, शिकलेल्या, त्यांना हा गेमचा नाद म्हणजे पोरखेळ. तांडेल मागे पडला, असं आपलं मला वाटलं. नंदूने तो सोडलेला नव्हता. जगभरात त्या गेमची वेडी माणसं आहेत, ती एका पानावर रोज गप्पा मारतात, आणि नंदू त्यांच्यात जुना, मानाचा माणूस. आम्हाला पत्ता नाही. चाळीत त्याला नळाच्या वेळेवरून कोणीही झापायचं आणि तिकडे ब्राझीलचे आजोबा त्याचा सल्ला घ्यायचे.

मागच्या वर्षी नंदू आजारी पडला. पोटाच्या मागे काहीतरी असतं, तिथे. डॉक्टरांनी वहिनींना आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, महिने मोजा. वहिनींनी पॅसेजमध्येच माझा हात धरला. "त्यांना अल्सर म्हणून सांगायचं. भावोजी, तुमच्या तोंडाला कुलूप नसतं. यावेळी लावा." मी म्हटलं, लावलं. रिपोर्टची फाईल त्या कपाटात आपल्या साड्यांच्या खाली ठेवायच्या.

आणि नेमकी तेव्हाच ती बातमी आली. मी त्याला भेटायला गेलो तर नंदू पलंगावर उठून बसलेला, डोळे असे, जसं काही लॉटरी. "काढतत रे! परत काढतत!" तांडेल बनवणारे दोघं, आता म्हातारे, त्यांना नवा भाग काढायचा होता. कुठली कंपनी पैसे देईना, म्हणून त्यांनी लोकांकडेच मागितले. तीस दिवसांची मुदत. तेवढ्यात रक्कम जमली तर गेम दोन वर्षांत तयार होणार, नाही जमली तर ज्याचे त्याला परत. मी म्हटलं, "म्हणजे वर्गणी." नंदू म्हणाला, "वर्गणीच." म्हटलं, "आणि कमी पडली तर परत देतात? मग हे लालबागचे नव्हेत."

ते तीस दिवस त्या खोलीत सण होता, खोटं कशाला बोलू. नंदू फोन औषधांच्या डब्याला टेकवून ठेवायचा. त्यावर एक हिरवी पट्टी, पैसे जमतील तशी पुढे सरकायची. मी कामावरून येता येता डोकावलो की, "बघ, करंगळीएवढी सरकली." खाली लोकांचं लिहिणं चालूच, तो मला वाचून दाखवायचा. पोलंडच्या एका बाईने नवऱ्याला वाढदिवसाची साडी, म्हणजे तिकडे जे काय घेतात ते, घेऊ नको म्हणून सांगितलं आणि ते पैसे इकडे भरले. ब्राझीलचे आजोबा रोज सकाळी लिहायचे, आज मी जिवंत आहे, पट्टी कुठे आली? हे वाचून नंदू खो खो हसायचा आणि वहिनी स्वयंपाकघरात जायच्या.

तेव्हा मला शहाणपण सुचलं. ठरावीक रक्कम भरली की गेमच्या शेवटी तुमचं नाव येणार होतं. म्हटलं, कॅफेतल्या जुन्या पोरांकडून वर्गणी काढू आणि नंदूचं नाव लावू. त्याला सांगायचं नाही. नाक्यावरून साधं पावतीपुस्तक घेतलं आणि निघालो. गणपतीची वर्गणी मी पंधरा वर्षं काढलीय, दारात उभं राहायला मला लाज वाटत नाही. पण गेमची वर्गणी म्हटल्यावर लोक आधी मला हुंगायचे. परळचा एक जण म्हणाला, "बाब्या, गेमला वर्गणी? मग आरती किती वाजता?" पण नंदूचं नाव काढलं की पाकीट निघायचं. अल्सर म्हटलं की जास्तच निघायचं, कारण माझं तोंड बघून अल्सर कोणालाच पटत नव्हता.

पैसे जमले. फॉर्म मोबाईलवर सुरेखाने भरला. शेवटी तिने विचारलं, "नाव काय टाकू?" मी म्हटलं, "कै. नंदकुमार परब यांच्या स्मरणार्थ. इंग्रजीत काय होतं ते लिही." तिचा हात थांबला. "अहो, माणूस जिवंत आहे." मी तिला समजावलं. अगं, आपल्या मंडळात देणगीदारांचा बोर्ड कधी लागतो? सगळं झाल्यावर, शेवटी. हा बोर्ड दोन वर्षांनी लागणार. तेव्हा तो आहे का? नाही ना? मग तेव्हा चूक दिसायला नको. माझा हिशोब अगदी चोख होता. मंडळात असंच करतात, म्हातारं अंथरुणाला लागलं की रंगारी विचारूनच घेतो, 'श्री' लिहू का 'कै.'? सुरेखाने टाकलं. आत्ता हे लिहितानाही तिचा हात थांबलाय.

तो बोर्ड त्याच संध्याकाळी लागला. मला काय माहीत, तिकडे पैसे पडले की लगेच त्या पानावर, सगळ्यांसमोर नाव झळकतं?

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला गेलो. नंदू भिंतीला टेकून बसला होता, हातात फोन. वहिनी आत भाजी चिरत होत्या. तो हळू आवाजात म्हणाला, "बस. तुका वाचून दाखवतंय." आणि वाचायला लागला. पोलंडवाली लिहिते, मी आज कामावर गेले नाही. ब्राझीलचे आजोबा लिहितात, अरे मी म्हातारा राहिलो आणि तू कसा गेलास. कोणीतरी लिहिलं, तांडेलाने आज दिवा लावू नये. पन्नासएक जण असतील. नंदू नेहमीसारखा एकेकाचा आवाज काढून, मालवणीत, स्वतःची श्रद्धांजली मला वाचून दाखवत होता. मी आधी हसलो. त्याच्या वाचण्याला मी कायम हसत आलो, सवय... मग समजलं की काय वाचतोय.

फोन खाली ठेवून तो म्हणाला, "बाब्या, डॉक्टरान किती दिवस सांगल्यान?"

आयुष्यभर मी कुठल्याही प्रसंगाला विनोद मारलाय, मयतीतसुद्धा. तेव्हाही मारला. म्हटलं, "तुझं नाही रे, माझं सांगितलं." इतका फालतू विनोद मी पुन्हा मारला नाही आणि मारणार नाही. मग मी मान खाली घालून, अजून किती महिने ते बोटांनी दाखवलं. चार. मोठ्याने बोलायचीही हिंमत नव्हती, आत सुरीचा आवाज येत होता.

तो पंख्याकडे बघत म्हणाला, "म्हणजे नवो तांडेल काय माका मिळाचो नाय." मी म्हटलं, "नंदू, मी गाढव आहे." "ता माका ठावक असा." मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाला, "तिका सांगू नको, माका कळला म्हणान. ती बिचारी साड्यांखाली फाईल लपवता."

घ्या. वहिनींचं गुपित नंदूपासून आणि नंदूचं वहिनींपासून. एका तोंडाला दोन कुलपं, ती पण माझ्या. त्या दिवशीच सुरेखाने फॉर्म उघडून ते स्मरणार्थ काढलं, नुसतं नाव ठेवलं. नंदूने पानावर लिहिलं की मी अजून आहे, माझ्या एका अडाणी दोस्ताने घाई केली. पोलंडवालीने अडाणी दोस्ताला नमस्कार कळवला. मुदत संपायच्या दोन दिवस आधी पट्टी भरली. आमच्यामुळे नव्हे, आमची वर्गणी त्यात दर्यात खसखस. नंदूने वहिनींकडून शिरा करवून घेतला, स्वतः एक चमचा खाल्ला.

पुढचे तीन महिने मी त्या खोलीत नाटक बघितलं. चारातला एक महिना त्याने डॉक्टरलाही दिला नाही. वहिनी म्हणायच्या, "दोन वर्षांत ठणठणीत व्हाल, मग बसा खेळत." नंदू म्हणायचा, "तर काय. तुला पण शिकवीन." त्या म्हणायच्या, "मला नाही बाई जमायचं, माझं डोकं दुखतं." रोज तेच, तेवढंच. मी मध्ये स्टुलावर, चहा पीत. मला दोघांच्याही तोंडाकडे बघवायचं नाही, म्हणून मी बिस्किटाकडे बघायचो. दमायचो हो. दिवसभर बांबू वाहून एवढा दमत नाही.

गेल्या रविवारी वहिनींनी बोलावलं. त्याचा फोन त्यांनी पहिल्यांदाच नीट उघडून बघितला होता. ते पान, त्या श्रद्धांजल्या, खाली नंदूचं उत्तर, सगळं तारखेसकट. त्यांनी फोन माझ्यासमोर धरला. "भावोजी, त्यांना माहीत होतं?" मी म्हटलं, "हो." "तीन महिने?" "हो." मला वाटलं, आता चप्पल येणार, आणि यायलाच हवी होती. त्या खाली बसल्या. म्हणाल्या, "रोज म्हणायचे, तुला शिकवीन. मला वाटायचं, यांना आशा आहे, म्हणून बोलतायत. मी आपली टाळत राहिले... अहो, त्यांच्याकडे दिवसच तेवढे होते. एकदा हो म्हटलं असतं तर बसले असते ना शेजारी." हे कुलूपही मीच लावलेलं. नंदूचा शब्द मोडून वहिनींच्या कानात एक वाक्य टाकलं असतं, तर दोघं बसले असते. तोंड उघडायच्या वेळी बंद आणि बंद ठेवायच्या वेळी उघडं, असा माझा स्वभाव.

कॅफेतला एक कॉम्प्युटर नंदूने घरी ठेवला होता, खिडकीजवळ, वर जुन्या साडीचं आवरण. वहिनी उठल्या, आवरण काढलं आणि म्हणाल्या, "लावून द्या." तो सुरू व्हायला दहा मिनिटं घेतो. तांडेल उघडला. जिथे खेळ थांबवून ठेवतात तिथे नावांची यादी असते, सगळी नंदूची. वहिनींनी एका नावावर बोट ठेवून वाचलं. सगळ्यात वर, सगळ्यात नवीन, 'मंगल'. तारीख तो शेवटचा दवाखान्यात गेला त्याच्या आदल्या दुपारची. त्या बाजारात गेल्या असतील, तेव्हा उठून बसला असणार. कसा बसला असेल, देव जाणे.

उघडलं. काहीच खेळलेलं नव्हतं. तांडेल होडीतून नुकताच उतरलाय, किनाऱ्यावर उभा, पिशवी रिकामी. नंदूने नुसती सुरुवात करून, तिच्या नावाने ठेवून दिली होती.

वहिनींनी पदराने डोळे पुसले, चष्मा लावला. माऊस असा धरला जसा पाटा-वरवंटा. "कुठे दाबू?" मी म्हटलं, "कुठेही दाबा वहिनी, मरत नाही तो." त्यांनी दाबलं. तांडेल वळला आणि थेट पाण्याकडे चालायला लागला.

"अगं बाई," वहिनी ओरडल्या, "अहो, हा कुठे निघाला? थांबवा त्याला!"