खोबरेल लावलेलं पिस्तूल

ती घटना मला आठवावी लागत नाही. दुपारी जरा डोळा लागला की ती आपणच येते. मुलुंडमधली रिकामी होत चाललेली एक तीन मजली इमारत, उघड्या दारांतून आरपार वाहणारा वारा आणि मागे धुरक्यात अर्ध्या बुडालेल्या टेकड्या. मी तेव्हा तिथल्या पोलीस ठाण्यात सहायक निरीक्षक होतो. पुढे मुदतीआधीच नोकरी सोडली. कुणाचं नाव लिहीत नाही. ज्या दोन म्हाताऱ्यांची ही हकीकत, त्यांना सगळा परिसर ज्या नावांनी हाक मारायचा, तीच वापरतो.

खबर बीट हवालदाराने आणली. इमारत पुनर्विकासाला जाणार होती, बिऱ्हाडं हलत होती. तळमजल्यावरच्या एका खोलीच्या पोटमाळ्यावरून सामान उतरवताना हमालाच्या हातून पत्र्याचा डबा निसटला, झाकण उडालं आणि फडक्यात गुंडाळलेलं पिस्तूल बाहेर आलं.

"कुणाच्या खोलीत?" मी विचारलं.

"आबांच्या, साहेब."

"हवालदार, झोपेतून उठून आलात काय?"

हसण्यासारखंच होतं ते. आबा म्हणजे गोव्याच्या मुक्तीसाठी निःशस्त्र सत्याग्रहींच्या तुकडीबरोबर हद्द ओलांडलेला माणूस. पोर्तुगीजांची गोळी गुडघ्यात लागली, तेव्हापासून पाय ओढत चालायचे. शेजारच्या खोलीत दादा. तेही त्याच लढ्यातले, पण जंगलात राहून चौक्यांवर हल्ले करणाऱ्या गटातले. दोघं सावंतवाडीकडच्या एकाच गावचे. संध्याकाळी कट्ट्यावर बसून त्यांनी उभा जन्म एकच वाद घातला. गस्तीवर असताना मीही तो थांबून ऐकलेला.

"हात जोडून गोवा सुटलो काय रे?" दादा म्हणायचे.

"मग तुझ्या दोन फटाक्यांनी सुटलो?"

"शेवटाक लष्करच आत गेला ना?"

"ता काय तुझा होता, मेल्या?"

असल्या माणसाच्या घरी मी पंच घेऊन गेलो. आबांनी डबा स्वतःच पुढे केला. पंचनामा झाला. शस्त्रागारातल्या अंमलदाराने पिस्तूल हातात घेतलं, नाकाशी नेलं आणि म्हणाला, "साहेब, याला वर्षानुवर्षं खोबरेल लावलंय. तेल आत घट्ट बसलंय, चापसुद्धा हलत नाही. आता याने फार तर नारळ फोडता येईल." मुठीच्या एका बाजूला मूळचा तुकडा जाऊन पिवळसर लाकडाची हाताने तासलेली पट्टी बसवलेली होती.

आबांचा जबाब घ्यायला बसलो.

"कुठून आणलंत?"

"विकत घेतलं."

"कुणाकडून?"

"तो आता हयात नाही."

खोटं बोलणारा माणूस सहसा गरजेपेक्षा जास्त बोलतो. आबा प्रत्येक खोट्यानंतर पाणी मागत होते. मी मुद्दाम सोपं विचारलं, "तेल कशाला लावायचात, आबा?"

"गंज चढला असता. दुसऱ्याची वस्तू…" आणि ते थांबले.

मग त्यांनी हात जोडले. "मला आत टाका. शिक्षा होईल ती होऊ द्या. पण ते दादाला दाखवू नका."

इथे मला थांबता आलं असतं. पिस्तूल जप्त झालं होतं, ताबा आबा नाकारत नव्हते. शस्त्र अधिनियमाखालच्या गुन्ह्याला याहून काही लागत नव्हतं. पण इतका ठळक धागा आरोपीने आपणहून हातात द्यावा, असं नोकरीत क्वचित घडतं. तो ओढल्याशिवाय मला राहवलं नाही.

दादांना बोलवावंही लागलं नाही. ते ठाण्याच्या दारात येऊन ओरडतच होते. "पिस्तूल माझा आसा! त्याका डास मारूक जमणा नाय, तो पिस्तूल ठेवतलो?" न पाहिलेल्या शस्त्राची ते कबुली देत होते, मित्राला सोडवायला.

मी त्यांना आबांच्या समोर बसवलं आणि पंचांदेखत सील उघडलं.

दादांनी पिस्तूल उचललं. अंगठा त्या पिवळसर पट्टीवर गेला आणि तिथेच राहिला. "ह्या फणसाचा लाकूड," ते पुटपुटले, "माझ्या हातचा." मग वास घेतला. "खोबरेल लावलंस रे, मेल्या?" त्यांना हसू फुटलं होतं. ते अर्ध्यावरच विरलं.

आबा खाली बघत बोलत राहिले. खिडकीतून पिवळं ऊन आत आलं होतं, आणि ते दूरच्या कुठल्या तरी झाडीतून बोलतायत असं वाटत होतं. हद्द ओलांडण्याआधी सत्याग्रहींची एक रीत होती. एकमेकांची झडती घ्यायची. अडकित्तासुद्धा काढून ठेवायचा. दादांचा धाकटा भाऊ त्या तुकडीत होता. म्हणून दादा झाडीतून मागोमाग जाणार होते, वेळ पडलीच तर गोळीला गोळीने उत्तर द्यायला. आपल्या बाजूने एक बार निघाला तर पोर्तुगीज सगळ्यांनाच भाजून काढतील, ही आबांची भीती. सकाळी दादा ओढ्यावर आंघोळीला उतरले, तेव्हा आबांनी काठावरच्या त्यांच्या कपड्यांतून पिस्तूल काढलं आणि एका बिळात पुरलं; गोवा सुटल्यावर ते त्यांनीच उकरून आणलं. दादांना वाटलं, पाण्यात पडलं. त्याच दिवशी गोळीबार झाला. आबांच्या गुडघ्यात गोळी शिरली. भाऊ गेला. दादा झाडीत रिकाम्या हातांनी उभे होते.

"जन्मभर माका वाटला," दादा म्हणाले, "माझ्या हलगर्जीपणान तो गेलो."

"आज सांगतलंय, उद्या सांगतलंय म्हणत रवलंय," आबा म्हणाले. "रोज सांजेक."

"एक पोर्तुगीज सोजीर पडलो असतो तर बाकीचे पळाले असते."

"आणि नाय पळाले असते तर?"

"माका काय म्हायती?" असं म्हणून दादांनी पिस्तूल टेबलावर ठेवलं आणि निघून गेले. कट्टा त्या संध्याकाळपासून रिकामा राहिला.

तपास यशस्वी झाला होता. वरिष्ठांनी पाठ थोपटली.

मी नोकरीत हत्यारबंद गुंडांवर गोळी झाडली आहे; त्यानंतर मला झोप लागली. आणि हुकमावरून रस्त्यात बसलेल्या माणसांवर लाठीही चालवली आहे. ज्यांनी उलट हात उगारला नाही, त्यांचे चेहरे अजून माझ्याकडे बघतात. त्यामुळे रिकामा हात मोठा, असं मी समजून होतो. आजही बरंचसं तसंच समजतो. पण रिकाम्या हाताचा निर्णय माणसाने स्वतःपुरता घ्यावा. आबांनी तो दुसऱ्यासाठी घेतला. कदाचित त्याने तुकडी वाचली, कदाचित एक पोरगा गेला. कुणीच सांगू शकत नाही. आणि त्या दोघांना खरं कळलंच पाहिजे, हा निर्णय मी घेतला. त्याचं ओझं मात्र माझं आहे, ते ‘कदाचित’वर ढकलता येत नाही. खटला उभा राहण्याआधीच आबा वारले.

एवढं घडलेलं मात्र मी पाहिलं आहे. त्याआधी, अटकेनंतर आबांना कोर्टात उभं केलं, जामीन मंजूर झाला, पण जामीनदार कुणी नव्हता. मुलगी परगावी, येईपर्यंत त्यांना कोठडीतच ठेवावं लागलं असतं. तेवढ्यात मागच्या बाकावरून दादा उठले. जामिनाचे कागद घेऊन पुढे आले. आबांकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही.

"आरोपीशी तुमचं नातं काय?" न्यायाधीशांनी विचारलं.

दादा पिंजऱ्याच्या कठड्याला धरून उभे राहिले.

"माझ्या भावान ह्याच्या मांडयेर जीव सोडल्यान," ते म्हणाले. "मी झाडीतसून बघी होतंय."

न्यायाधीशांनी मान खाली घातली. कारकून क्षणभर घुटमळला आणि मग त्याने रकान्यात लिहिलं: शेजारी.