एकशे बारा मुलांचा पत्ता

माझे सासरे, म्हणजे आमचे बाबा, अडतीस वर्षं पोस्टमन होते. निवृत्त झाल्यावर पहिले तीन महिने त्यांनी घरातल्या सगळ्यांच्या नाकी नऊ आणले. चांगल्या चालणाऱ्या कड्या-कोयंड्यांना तेल दिलं, कपाटं इकडची तिकडे केली, माझ्या मसाल्याच्या डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या आणि त्यातल्या दोन चुकीच्या चिकटवल्या. शेवटी सासूबाई म्हणाल्या, ह्यांना कुणीतरी कामाला लावा, नाहीतर मीच कुठेतरी नोकरी धरते.

काम आपल्या पायांनी घरी आलं. विद्यापीठातल्या एक प्राध्यापक मॅडम बाबांचं घर शोधत आल्या. बावीस वर्षांपूर्वी गोदीमागच्या वस्तीत गरिबांच्या तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी एक बालवाडी निघाली होती. जागा छप्पन्न आणि अर्ज एकशे बारा. मग चिठ्ठ्या टाकल्या. छप्पन्न मुलं आत गेली, छप्पन्न बाहेर राहिली. दोन वर्षांनी बालवाडी बंदही पडली. आता मॅडमना ती एकशे बाराच्या एकशे बारा मुलं हवी होती. पंचविशीतली. त्या दोन वर्षांनी नक्की काय फरक पडला, हे त्यांना बघायचं होतं. हातात होते फक्त जुने पत्ते, आणि वस्ती तर केव्हाच पाडलेली. पोस्टात चौकशी केल्यावर कुणीतरी सांगितलं, त्या गल्ल्या फक्त एका माणसाच्या डोक्यात शिल्लक आहेत.

मॅडमनी एकच अट घातली. आत कोण होतं आणि बाहेर कोण, हे बाबांना सांगायचं नाही, आणि त्यांनीही कुणाला विचारायचं नाही. माणूस शोधायचा, भेटायला तयार आहे का तेवढं विचारायचं, बस. पुढचे प्रश्न मॅडमचे विद्यार्थी विचारतील. त्यांनाही ते ठाऊक नसणार होतं. एकदा कळलं की नजर बदलते, असं मॅडम म्हणाल्या.

बाबांना ही अट फार आवडली. "अडतीस वर्षं बंद पाकिटं वाहिली," ते म्हणाले, "एकही फोडलं नाही."

त्यांची शोधायची पद्धत बघण्यासारखी होती. सरकारी कचेरीत ते पाऊलही टाकत नसत. तिसऱ्या गल्लीतल्या एका घराला दर महिन्याला मामाचं पत्र यायचं, पाठवणाऱ्याचं गाव मागे लिहिलेलं असायचं. बाबांनी ते गाव गाठलं, तर मुलगी तिथेच, दवाखान्यात नर्स. एकाच्या वडिलांना त्यांच्या कारखान्याचं पत्रक यायचं, तिथे चौकशी केली तर मुलगा क्रेन चालवताना सापडला. एकजण तुरुंगात होता. बाबा तिथेही गेले. जाळीपलीकडून तो अर्धा तास बोलला, आणि निघताना विचारता झाला, "तुम्ही अजून सायकलवरच फिरता का?"

कुतूहलाला मात्र मॅडमची अट लागू नव्हती. रोज जेवताना बाबा आम्हाला सांगत, आज कोण भेटलं, कसं बोललं, घर कसं होतं. मग अंदाज बांधायचे. नर्स? आतली. क्रेनवाला? बाहेरचा, पण हुशार. सासूबाई लगेच वाद घालत, की क्रेन चालवायला काय कमी डोकं लागतं? तुरुंगातला बाहेरचा असणार, असं माझा नवरा म्हणाला तेव्हा बाबा चिडले. कशावरून, असं त्यांनी विचारलं. तरी बाबांनी आपल्या पॅडवर त्याच्या नावापुढे 'बाहेर' असंच लिहिलं. ते मी पाहिलं.

सातव्या-आठव्या महिन्यात ते एका इस्त्रीवाल्या बाईंपर्यंत पोचले. त्यांचा मुलगा यादीत होता. आता पुलांचे नकाशे काढायच्या कामावर होता, आणि त्याच्याच गल्लीतली आणखी तीन मुलंही चांगली मार्गी लागली होती. एक शिक्षिका, एक छापखान्यात, एकीचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान. बाबांनी चौघांपुढे डोळे झाकून 'आत' लिहिलं होतं.

बाई नव्या वसाहतीत जिन्याखाली टेबल मांडून अजून इस्त्री करत होत्या. बाबांनी मुलगा कधी भेटेल ते विचारलं. बाईंनी इस्त्री उभी करून ठेवली आणि म्हणाल्या, "त्या बालवाडीचं ना, पोस्टमनदादा? आमची चिठ्ठी निघालीच नव्हती की."

बाबांनी दोन्ही हात कानांवर नेले, पण उशीर झाला होता. बाईंना ते काय करताहेत तेच कळेना.

मग बाईंनी सगळं सांगितलं. मुलाचा नंबर लागला नाही म्हणून त्या दोन दिवस रडल्या. तिसऱ्या दिवशी टेबल उचलून बालवाडीच्या खिडकीखाली नेलं. तिथे सावली होती, हे एक कारण, पण खरं कारण म्हणजे खिडकी सदा उघडी असायची. सकाळभर त्या इस्त्री करत आणि ऐकत. गाणी, गोष्टी, आकडे, भांडणं, भांडणं मिटवणं.

"एवढं काय ऐकलंत, ताई?" बाबांनी विचारलं. अट मोडलीच होती, आता राहवेना.

"बालवाडीतल्या त्या शिक्षिका कधी सांगायच्याच नाहीत," बाई म्हणाल्या. "विचारायच्या. पोरगं म्हणालं पाऊस येतोय, तर म्हणायच्या, तुला कसं कळलं? आणि मग गप्प बसायच्या. पोरगं बोलेपर्यंत गप्प. मला वाटायचं, ह्या बाईला वेळ तरी किती!"

संध्याकाळी घड्या घालताना बाई तेच आपल्या मुलाशी करत. कुठला सदरा मोठा, कशावरून? ह्या डागाची गोष्ट काय असेल? बटणं मोजायची, रंगांप्रमाणे कपडे लावायचे, मोज्यांच्या जोड्या जुळवायच्या. शेजारची तीन मुलं आपोआप येऊन बसायला लागली. त्यांचीही चिठ्ठी निघालेली नव्हती.

बाबा घरी आले ते चेहरा पाडून. त्या रात्री जेवताना अंदाज नाहीत, काही नाही. आपल्या हातून मॅडमचं काम बिघडलं, असं त्यांनी मनाला लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी विद्यापीठात जाऊन त्यांनी सगळं कबूल केलं.

मॅडमच्या लगेच लक्षात आलं. बाहेरच्यांपैकी चौघांना खिडकीतून का होईना थोडं मिळालं होतं, म्हणजे आतल्या-बाहेरच्यांतला फरक मोजताना खऱ्यापेक्षा कमीच भरणार होता. पण त्यांनी विचारलं ते वेगळंच. त्या बाई मला भेटतील का? मग दोघं मिळून जिन्याखाली गेले, आणि मॅडम दोन तास टेबलाशेजारी उभ्या राहून लिहून घेत होत्या. बाबा सांगतात, मध्येच बाईंनी त्यांच्या हातात एक उशीचा अभ्रा दिला, धरा म्हणून, आणि मॅडमनी तो धरला.

त्या चौघांना यादीतून काढलं नाही. चिठ्ठीप्रमाणे ती मुलं बाहेरचीच राहिली, फक्त अहवालात खिडकीबद्दल एक पान वाढलं.

एकशे बारापैकी एकशे तीन सापडले. निकाल काय लागला ते ऐकायला बाबांबरोबर मीही गेले होते. मॅडमनी समजेल असं सांगितलं. वस्ती पाडण्याआधी, मुलं दहा वर्षांची असताना, एकदा परीक्षा घेतली होती, तेव्हा वाचन आणि गणितातला फरक जवळजवळ पुसला गेला होता. तेव्हा सगळ्यांनी हात टेकले होते. पण पंचविशीत बघितलं तर आतल्यांपैकी जास्त जणांनी शाळा पूर्ण केली होती, कामावरही ते जास्त टिकले होते. त्यांच्या आयाही त्या दोन वर्षांत कामाला लागल्या आणि पुढे लागलेल्याच राहिल्या. फरक डोळे दिपवणारा नव्हता, पण होता. मधली वर्षं तो कुठे दडून बसला होता, हे मॅडमना अजून सांगता येत नव्हतं, आणि त्यांनी ते तसंच सांगितलं.

मग बाबांनी पिशवीतून आपलं पॅड काढलं. मॅडम हसल्या. नावं न सांगता त्यांनी नुसतं ताडून पाहिलं. एकशे तीनपैकी चोपन्न अंदाज बरोबर.

"म्हणजे नाणं उडवलं असतं तरी एवढेच?"

"साधारण एवढेच, काका."

बाबांना हे फार लागलं. बसमध्ये ते खिडकीबाहेर बघत राहिले. एकाही माणसाच्या तोंडावर जे दिसत नाही ते शंभरांत कसं दिसतं, हे त्यांना उलगडेना. दोन दिवसांनी चहा पिताना आपणहून म्हणाले, "एक पत्र हातात घेऊन वजन कळत नाही. पोतं उचललं की कळतं." तुरुंगातला मुलगा आतला होता की बाहेरचा, हे मात्र मॅडमनी अजून सांगितलेलं नाही, आणि तेवढं बाबांना डाचतं.

माझी मुलगी आता साडेतीन वर्षांची आहे. पूर्वी बाबा तिला सतत काहीतरी शिकवत असत. हल्ली विचारतात आणि थांबतात. फार वेळ थांबतात. मला स्वयंपाकघरातून वाटतं, अहो, आता सांगून तरी टाका. तेवढ्यात ती काहीतरी बोलते, बहुतेक वेळा चुकीचं, आणि बाबा विचारतात, असं का वाटलं?

राहिलेल्या नऊ जणांचा शोध त्यांनी सोडलेला नाही. अहवाल छापून झाला, आता कुणाला त्याची गरज नाही, असं मॅडमनी फोन करून सांगितलं. त्यावर बाबा बरं म्हणाले, आणि मंगळवारी पुन्हा निघाले. दोघं सापडलेत. त्यातली एक खाणीच्या गावात बेकरी चालवते. ती आतली असावी की बाहेरची, असं मी विचारलं, तर त्यांनी बूट काढले, पाणी प्यायले आणि म्हणाले, माहीत नाही, पण पाव छान करते.