‘या’ न म्हणणारं दुकान

लग्नाच्या पंगतीत शेजारच्या बाईंनी "तुम्ही काय करता?" विचारलं, की मी "सर्व्हिस लाइनमध्ये आहे" एवढंच सांगते. खरं सांगितलं तर त्या हातातली जिलबी खाली ठेवतात! अंत्यविधीची सगळी व्यवस्था करून देणाऱ्या दुकानात मी फोन घेते. तिरडीचं सामान, शववाहिका, गुरुजी, स्मशानातला पास, सगळं आम्ही बघतो. किस्से ढीगभर साठतात आणि ऐकायला कुणी मिळत नाही. तुम्ही बसलाच आहात, तर ऐका.

बुधवार पेठेत, लायटिंगच्या दुकानांमागच्या बोळात आमचं दुकान. मालक भाऊ, मोजकंच बोलणारे. दुकानात नियम एकच, पण कडक: गिऱ्हाइकाला ‘या’ म्हणायचं नाही. निघताना सवयीने कुणी "येतो" म्हणालंच, तर आपण फक्त "बरं" म्हणायचं. भाऊंनी आयुष्यभर हे पाळलंय.

मग भाऊंच्या हिंजवडीतल्या भाच्याने हौसेने बिलाचं सॉफ्टवेअर बसवून दिलं. पहिलंच बिल छापून बाहेर आलं. खाली ठळक अक्षरांत ‘धन्यवाद! पुन्हा अवश्य भेट द्या!’

समोरच्या गृहस्थांनी चष्मा लावून ते नीट वाचलं. म्हणाले, "घरात अजून पाच जण आहोत. कुणी यायचं ते ठरवून कळवतो!"

दुसऱ्या दिवसापासून बिलं पुन्हा हाताने.

आजूबाजूला सगळी दिव्यांची दुकानं, त्यामुळे चुकून आत शिरणारे पुष्कळ. दिवाळीच्या तोंडावर एक जण घाईघाईने आला. पाटीकडे बघितलंच नाही. "काका, दिवे दाखवा ना. चांगले टिकणारे."

भाऊंनी शांतपणे एक पणती पुढे ठेवली. "एकच प्रकार आहे."

"गॅरंटी?"

"दहा दिवस. अखंड."

त्याने मान वर केली. समोर बांबू, मडकी, पांढरं कापड! चप्पल सावरत जो पळाला, तो पार गणपतीच्या देवळापर्यंत थांबला नसेल.

विश्रांतवाडीच्या एका सोसायटीत आमचे ड्रायव्हर तात्या गाडी घेऊन गेले. वॉचमनने गेटवरच अडवलं. म्हणे, अ‍ॅपवर फ्लॅटमालकाची परवानगी पाहिजे. आणि अ‍ॅपला नंबर जोडलेला कुणाचा? जे आजोबा गेले होते, त्यांचा!

तात्या म्हणाले, "आरं बाबा, ज्यांना न्यायला आलोय, त्यांनाच इचारतोस व्हय?"

"मग काय करू? नंबर त्यांचाच हाय!"

वर हॉलमध्ये आजोबांच्या उशाशी फोन वाजला. नातीने उचलला, तर अ‍ॅपचा रेकॉर्ड केलेला आवाज: ‘आपल्याकडे पाहुणे आले आहेत. आत सोडायचे का?’ तिने रडवेल्या चेहऱ्याने आजीकडे पाहिलं.

आजींनी डोळ्यांना पदर लावला आणि म्हणाल्या, "सोड बाई. जन्मात पहिल्यांदा हे वेळेवर तयार आहेत!"

सगळेच काही असे बोलत नाहीत. वडील गेलेला एक आयटीतला मुलगा आला होता. आमची दोन पॅकेजेस फोनवर शेजारी शेजारी ठेवून विचारत होता, "प्रीमियममध्ये एक्स्ट्रा फीचर काय मिळतं?" मला हसू आवरेना.

भाऊ म्हणाले, "बाबांना काही नाही. तुम्हाला जरा बसायला मिळतं."

मुलगा मटकन स्टुलावर बसला आणि सकाळपासून पहिल्यांदा रडला. माझं हसू कुठल्या कुठे गेलं.

आणि आमचे बापट काका-काकू! स्वतःचं बुकिंग करायला जोडीने चालत आले. मुलगी परदेशात, आयत्या वेळी तिची धावपळ नको म्हणून.

काकूंनी आल्या आल्या जाहीर केलं, "आधी मी. मला सवाष्ण जायचंय."

"वा! आणि मला चहा कोण करून देणार?"

"म्हणून तर आधी जातेय. जन्मभर तेच केलं!"

भाऊ म्हणाले, "आमच्याकडे नंबर लावत नाहीत."

निघताना काका दारातून "येतो" म्हणाले. काकूंनी असा चिमटा काढला, की ते पायरीवर कळवळले. भाऊ नेहमीसारखे "बरं" म्हणाले.

काकूंनी आपला शब्द खरा केला. त्यांचं सगळं आम्हीच केलं. चौदावा झाला आणि काका एकटेच दुकानात आले. अंगावरचा शर्ट ढगळ झालेला. मुलीचे मला रोज फोन येत होते: "बाबा काही खात नाहीत हो. आता माझं काय राहिलंय, एवढंच म्हणतात." मला तर त्यांची धास्तीच वाटायला लागली होती.

"माझं काय ते आजच ठरवून टाका," काका म्हणाले. "फार दिवस काढायचे नाहीत आता."

भाऊंनी बोळाच्या तोंडावरून चहा मागवला आणि कप त्यांच्यापुढे सरकवला.

काकांनी एक घोट घेतला. "ह्याला चहा म्हणतात?"

"तुम्हाला येतो करता?"

"नाही."

"मग नावं ठेवू नका. आधी शिका."

"कुणाकडून?"

"इथे स्टोव्ह आहे. उद्यापासून."

"आणि माझं बुकिंग?"

"चहा पिण्यासारखा झाला, की बघू."

काकांनी नाक मुरडत, पण सगळा चहा संपवला. छत्री उचलली. दारात पोचले आणि सवयीने म्हणाले, "येतो."

म्हणाले आणि जीभ चावून तिथेच थांबले. शेजारी बघितलं. चिमटा काढायला कुणी नव्हतं.

मी भाऊंकडे पाहिलं. भाऊ "बरं" म्हणाले नाहीत. खुर्चीतून उठून दारापर्यंत गेले.

"या," भाऊ म्हणाले. "सावकाश या."