भाषणं कापणाऱ्या बाई

बक्षीस घ्यायला वर चढलेला माणूस खाली उतरायचं नाव घेत नाही, ही फार जुनी अडचण आहे. संगीत पुरस्कारांच्या सोहळ्यात त्यावर एक उपाय काढलेला होता, आणि तो उपाय म्हणजे बाई. रंगमंचापुढे वादकांसाठी खोलगट जागा असते, तिथे काळे कपडे घालून त्या पियानोपाशी बसत. विजेत्याचे आईबापांचे आभार मानून झाले, गुरूंचे झाले, केस कापणाऱ्याचे सुरू झाले, की दिग्दर्शक त्यांच्या इअरफोनमध्ये म्हणे, "बाई, घ्या." बाई घ्यायच्या. आधी हळू, मग जोरात, मग ड्रमवाला आणि व्हायोलिनवाले त्यांच्यामागून सुरू होत, आणि वरचा माणूस तोंड हलवत हलवतच विंगेत ढकलला जाई. त्या धंद्यात सगळे त्यांना कात्रीबाई म्हणत. हे नाव त्यांना मनापासून आवडायचं.

एरवी त्या घरी शिकवण्या घेत. खाली नवऱ्याचं चष्म्याचं दुकान, वर घर. पुढच्या खोलीत भिंतीला लावलेला पियानो, खिडकीशी सासूबाईंची खुर्ची. मुलं सूर घोटत असताना खालून काचा घासण्याच्या यंत्राची कुरकुर चालू असे, आणि बाई म्हणत की मुलांपेक्षा ते यंत्र सुरात आहे.

सोहळा झाला की दुसऱ्या दिवशी घरात बाईंचा दरबार भरे. तिसऱ्या रांगेत बसवलं म्हणून कोण रुसून निघून गेला, कुणी आपलेच पंटर बसवून मतं मिळवली, कुणी बक्षीस मिळालं नाही म्हणून रंगपटातला आरसा फोडला आणि मग त्याच आरशाच्या तुकड्यात बघून केस नीट केले, सगळं त्या साग्रसंगीत सांगत. गाणाऱ्यांबद्दल त्यांचं मत एवढंच होतं की गळ्यात सूर असो नसो, डोक्यात हवा मात्र भरपूर असते. एका वर्षी तर दोन गायिकांच्या आया एकमेकींच्या झिंज्या धरून बाथरूममधून बाहेर आल्या होत्या. "आणि मुली कुठे?" नवऱ्यानं विचारलं. "मुली आत कुलूप लावून रडत होत्या. फोटोवाला येईपर्यंत," बाई म्हणाल्या.

सासूबाई विचारायच्या, एवढा तिटकारा आहे तर जातेस कशाला. त्यावर बाईंचं उत्तर ठरलेलं असे: या लोकांना कुणीतरी गप्प करायला नको का? आपण लहानमोठा बघत नाही, सगळ्यांना सारखंच कापतो, असंही त्या अभिमानानं सांगत. खरं म्हणजे फार मोठा माणूस वर असला की इअरफोनमधून 'घ्या' येतच नसे. पण ते त्या सांगत नसत.

त्या वर्षी नव्या आवाजाचं बक्षीस द्यायला एका म्हाताऱ्या गायकाला बोलावलं होतं. कधीकाळी फार नाव असलेला, आता केस काळे करून मिरवणारा. त्याला जवळचं दिसत नसे, पण लोकांपुढे चष्मा लावणं त्याला कमीपणाचं वाटे. त्याच्या हातात दिलेल्या कार्डाच्या एका बाजूला विजेत्याचं नाव होतं आणि मागच्या बाजूला स्पर्धेतल्या सगळ्यांची. त्यानं ते हातभर लांब धरलं, डोळे बारीक केले, आणि उलट बाजूचं पहिलं नाव वाचून टाकलं.

ते नाव होतं अगदी मागच्या रांगेत बसलेल्या एका मुलीचं. घरातच मोबाइलवर रेकॉर्ड केलेलं तिचं एक गाणं बरंच चाललं होतं. तिचा बाप वायरमन, आणि तोही बरोबर आला होता. ती धावतपळत वर आली, बाप पायऱ्यांपर्यंत आला आणि तिथेच थांबला. मुलीनं ट्रॉफी छातीशी धरली, दुसऱ्या हातात माइक घेतला आणि बोलायला लागली. तिला वाटलंच नव्हतं वगैरे. बाईंनी सवयीनं बोटं मोकळी केली.

तेवढ्यात पहिल्या रांगेत एकजण उभा राहिला. सोन्याच्या रंगाचा कोट, बापाची स्वतःची रेकॉर्ड कंपनी, आणि सगळा गाव ज्याला सोनेरी म्हणून ओळखे असा हा पोरगा. त्याला आधीच सांगून ठेवलेलं असणार, कारण तो हात पसरून मागे वळून विचारायला लागला की हा काय पोरखेळ आहे. विंगेतून कानाला यंत्रं लावलेली दोन माणसं आली, म्हाताऱ्याच्या हातातलं कार्ड उलटं करून बघितलं आणि मुलीच्या कानाशी लागली. मग त्यांनी ट्रॉफी धरली. मुलीला समजलंच नाही. ती सोडेना. सगळ्या हॉलसमोर एका माणसाला तिची बोटं एक एक करून उकलावी लागली.

बाईंच्या कानात दिग्दर्शक बोंबलत होता, "बाई, घ्या. काहीतरी आनंदी घ्या. मोठ्यानं घ्या."

बाईंनी हात पट्ट्यांवर ठेवले. ड्रमवाल्यानं काठ्या उचलल्या. समोर पहिल्या रांगेतले लोक माना वळवून, तोंडावर हात ठेवून हसू दाबत होते. ते बघून बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. यांची अब्रू झाकायला मी वाजवू? बघा म्हणावं, काय केलंत ते नीट बघा. त्यांनी हात उचलले आणि मांडीवर ठेवले. मागे कुणीच वाजवलं नाही.

हॉलमध्ये टाचणी पडली तर ऐकू यावी अशी शांतता झाली. माइक अजून मुलीच्याच हातात होता. तिनं पायऱ्यांकडे बघितलं आणि हळूच विचारलं, "बाबा, आता काय करू?"

ते शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. टीव्हीवर बघणाऱ्या घराघरांतही गेलं.

मुलगी खाली उतरली, सोनेरी वर चढला. त्यानं छातीवर हात ठेवला आणि हा विजय माझा एकट्याचा नाही, अशी सुरुवात केली. तेव्हा बाईंनी घेतलं. कुणी सांगितलेलं नसताना, पहिलं वाक्य पुरं व्हायच्या आत, दोन्ही हातांनी. ड्रमवाल्याला तेवढंच हवं होतं. सोनेरी बराच वेळ तोंड हलवत राहिला, मग ट्रॉफी जमिनीवर आपटून निघून गेला. ती फुटली नाही. प्लास्टिकची होती.

दुसऱ्या दिवशी जिकडेतिकडे हाच विषय. आयोजकांनी पत्रक काढलं की वादकांकडून झालेल्या तांत्रिक गोंधळामुळे सोहळ्याला गालबोट लागलं. वड्याचं तेल वांग्यावर काढायची त्यांना सवयच होती. म्हातारा गायक म्हणाला की कार्डावर जे होतं ते आपण वाचलं, आणि आपली नजर गरुडासारखी आहे. ते ऐकून बाईंचा नवरा म्हणाला की हा गरुड माझ्या दुकानात आला असता तर एवढं रामायण झालं नसतं. बाईंना कायमचं काढून टाकलं. पण पेपरांनी त्यांना डोक्यावर घेतलं: हात उचलणाऱ्या बाई, अन्यायापुढे न वाजवणाऱ्या बाई. बाईंनी नाक मुरडलं, या पेपरवाल्यांना उद्योग नाही म्हणाल्या, आणि नवऱ्याला आणखी दोन पेपर आणायला पाठवलं. मुलांना न्यायला आलेल्या आया दाराशी थांबून तो प्रसंग पुन्हा पुन्हा विचारत. बाई पुन्हा पुन्हा सांगत, आणि दर वेळी त्यात आपलं थोडं जास्त शौर्य घालत.

महिनाभरानं एका दुपारी त्या मुलीचा बाप दारात उभा राहिला. शिकवणी नुकतीच संपली होती. बाईंनी त्याला बसवलं, चहा ठेवला. हा आभार मानायला आलाय हे उघडच होतं, आणि त्यावर काय म्हणायचं हेही त्यांनी मनात जुळवून ठेवलं. अहो, त्यात काय एवढं, वगैरे.

बाप खुर्चीच्या कडेवर बसला. चहाला त्यानं हात लावला नाही.

"तुम्हाला वाजवायला सांगितलं होतं असं छापून आलंय. खरंय का?"

"खरंय. मी नाही वाजवलं."

"का?"

असा प्रश्न बाईंना कुणी विचारलाच नव्हता. त्या म्हणाल्या की तुमच्या मुलीची तिथे विटंबना चालली होती, त्यावर मी आनंदाचं काही वाजवायचं? त्या लोकांना लाज वाटायला हवी होती.

"वाटली का त्यांना?"

बाईंनी चहाचा कप त्याच्यापुढे जरा सरकवला.

"तुम्ही वाजवलं असतंत तर तिचं बोलणं कुणाला ऐकूच गेलं नसतं," बाप म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, दमणूक होती. "आता ती दुकानात गेली तरी पोरं मागून ओरडतात, बाबा, आता काय करू. ती घराबाहेर पडत नाही. गाणं बंद आहे. तुमचं भांडण त्या लोकांशी होतं बाई. पण माइक तिच्या हातात होता."

एवढंच बोलून तो उठला, पायताणं घातली आणि निघून गेला.

बाई संध्याकाळपर्यंत धुमसत होत्या. करायला गेले एक आणि झालं भलतंच. लोकांना उपकाराची जाणीव म्हणून नाही. नोकरी गेली कुणाची, आणि तोंड वर करून जाब विचारतंय कोण. नवरा काच पुसत ऐकत होता. त्यानं काच उजेडाकडे धरली आणि म्हणाला, "त्याचं चुकलं काय?" त्यावर बाईंनी त्याच्याशी बोलणं टाकलं. दाराशी थांबणाऱ्या आयांना मात्र त्यानंतर तो प्रसंग ऐकायला मिळाला नाही. वेळ नाही, म्हणून बाई दार लावून घेत.

पुढच्या सोहळ्याच्या आधी फोन आला तो त्या मुलीचाच. आवाज ठणठणीत होता. आयोजकांनी तिला बोलावलं होतं. त्या दिवशीचा प्रसंग पुन्हा करून दाखवायचा, या वेळी विनोदी, आणि मग तिचं गाणं. बाईंनीही यावं आणि तसेच हात उचलून दाखवावेत, असं त्यांचं म्हणणं होतं.

"तुला चालतंय हे?" बाईंनी विचारलं.

"तशीही हसतातच लोक. एकदा माझ्या बरोबर हसले की संपेल. आणि गायला मिळतंय ना."

लाज सोडली या पोरीनं, बापानं उगाच माझ्याकडे रडगाणं गायलं, असं बाईंच्या जिभेच्या टोकावर आलं होतं. ते त्यांनी गिळलं. त्या म्हणाल्या, "मी येणार नाही. तू जा."

"बाबाही नको म्हणतात," मुलगी म्हणाली. "पण त्यांना सगळ्याचंच वाईट वाटतं."

सोहळा बाईंनी घरी बसून बघितला, एका बाजूला नवरा, दुसऱ्या बाजूला सासूबाई. पियानोपाशी पांढऱ्या केसांचा टोप घातलेली एक नटी बसवली होती. "ही तुझ्यापेक्षा ताठ बसते," सासूबाई म्हणाल्या. म्हातारा गायक थाळीएवढ्या भिंगांचा चष्मा लावून आला आणि दोनदा अडखळला. लोक खुर्च्यांवर लोळून हसले. सोनेरीनं मुलीला मिठी मारून डोळे पुसले, आणि कॅमेरा त्याच्या डोळ्यांपाशी बराच वेळ थांबला. मुलीनं ते वाक्य म्हटलं तेव्हा तर हॉलनं टाळ्यांचा कडकडाट केला. वर्षभर ज्याला कलंक म्हणत होते त्याचं या लोकांनी तिकीट लावलं होतं. उद्या यांच्या घराला आग लागली तरी हे आधी कॅमेरा कुठे आहे ते बघतील, असं बाई म्हणाल्या, आणि नवऱ्यानं बऱ्याच दिवसांनी त्यांच्या बोलण्याला मान डोलावली.

मग मुलगी गायली. कुणीतरी गाणं चमकावं म्हणून पट्टी चढवून ठेवली होती, आणि अंतऱ्यात तिचा गळा ताणला जात होता. वरचा सूर ती कसाबसा गाठत होती. हॉल उभा राहून टाळ्या वाजवत होता. एकाही गाढवाला ते कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनीच तिला फोन लावला. त्यांनी सरळ सांगितलं की तो सगळा प्रकार भिकार होता, ती नटी भिकार होती, आणि टाळ्या वाजवणारे तर त्याहून भिकार.

"आणि तू त्या पट्टीत गाऊ नकोस. गळा फाटेल. खाली घे."

मग मुलीनं विचारलं, किती खाली.

बाईंनी तिला थांबायला सांगितलं, फोन पियानोवर ठेवला आणि एक सूर दिला. पलीकडून तिनं तो लावला. "अजून खाली," बाई म्हणाल्या. खिडकीशी सासूबाईंनी विचारलं, आता ही कोण ओरडतेय सकाळी सकाळी. बाई पुढचा सूर देत होत्या.